पडद्यावरचं पिस्तूल

पत्र (थोडं आवरून):

‘मुलगा अकरावी सायन्सला आहे, नीटचा क्लास चालू आहे. दहावीला ९३ टक्के होते, पण क्लासच्या टेस्टमध्ये खाली खाली चाललाय. दिवाळीपासून घरात बोलणं जवळजवळ बंद. रात्री जेवण झालं की खोलीत कॉम्प्युटरवर “पर्सोना ३ रिलोड” नावाचा जपानी गेम खेळतो, दोन तास, कधी अडीच. परवा दूध घेऊन आत गेले तर पडद्यावर शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी स्वतःच्याच कपाळाला पिस्तूल लावून चाप ओढत होती. माझ्या हातातला पेला सांडला. तो म्हणाला, “आई, ते पिस्तूल नाहीये, तुला नाही कळणार.” मग म्हणाला, “त्यातली माणसं मला समजून घेतात.” तेव्हापासून मला झोप नाही. ह्यांचं म्हणणं, कॉम्प्युटरच विकून टाकू. मिरजेचा माझा भाऊ म्हणतो, हे गेम मुलांना आत्महत्या शिकवतात. मी काय करू?

– एक आई, विश्रामबाग, सांगली’

ताई,

गेमचं नंतर बघू. आज रात्री झोपायच्या आधी मुलाला एक प्रश्न विचारा, आडवळणाने नाही, सरळ: ‘तुला कधी जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची मोठी गैरसमजूत आहे. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात ते आहे त्याला कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं.

उत्तर ‘हो’ आलं, किंवा गप्प राहून डोळे भरले, तर ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू…’ हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. शेजारी बसा, त्याला एकटं सोडू नका. घरातली गोळ्या-औषधं, आणि शेती असेल तर फवारणीची औषधं, त्याच दिवशी कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर आहे. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन तुम्हीही करू शकता. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातही ही सोय मिळते. अशा वेळी हा गेम काही आठवडे थांबवायचा, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्याला सांगून. चोरून डिलीट करायचा नाही.

उत्तर ‘नाही गं, काहीतरीच काय’ असं मोकळं आलं, तर पुढचं वाचा.

त्या वस्तूला गेममध्ये इव्होकर म्हणतात. दिसते पिस्तुलासारखी, पण त्यात गोळी नसते. कथेतला नियम असा, की मरणाची भीती क्षणभर समोरासमोर घेतली तरच माणसाच्या आतली दडलेली ताकद बाहेर येते. त्या ताकदीचं नाव पर्सोना. खेळाच्या अगदी सुरुवातीला एक मुलगी एकटीच बसून ती वस्तू कपाळाला लावून बघते, तिचा हात थरथरतो आणि तिला जमत नाही. म्हणजे बनवणाऱ्यांना ही कृती अवघड आहे हे माहीत होतं आणि तीच भीती त्यांना दाखवायची होती. मूळ खेळ २००६ साली जपानच्या ॲटलस कंपनीने काढला. तुमचा मुलगा खेळतोय ती २ फेब्रुवारी २०२४ ला आलेली नवी आवृत्ती आहे. याच मालिकेच्या पुढच्या भागांत ही वस्तू नाही. चौथ्यात पत्ता फोडतात, पाचव्यात चेहऱ्यावरचा मुखवटा ओढून काढतात.

तुमच्या भावाचं मात्र सगळंच चूक म्हणता येत नाही. हे दृश्य लढाईत एकदा-दोनदा नाही, शेकडो वेळा येतं. अमेरिकेत या खेळावर १७ वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे. ज्याच्या मनात आधीच तसे विचार आहेत त्याच्यासमोर ते रोज येऊ नये, म्हणून तो प्रश्न पहिल्यांदा विचारायला सांगितला. पण ‘आत्महत्या शिकवतो’ म्हणणं चूक आहे. मरणाची ओढ असलेली माणसं या कथेत आहेत, आणि ती विरुद्ध बाजूला आहेत. शहरातली माणसं हळूहळू कशातच रस न उरलेली, नुसती बसून राहणारी होत जातात, आणि मुलांची झुंज त्याच्याशी आहे.

पर्सोना हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ नाटकातला मुखवटा. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी तो माणूस जगाला दाखवतो त्या चेहऱ्यासाठी वापरला, आणि आपण स्वतःचा जो भाग नाकारतो त्याला छाया म्हटलं. गेममधल्या राक्षसांना शॅडो म्हणतात ते त्यावरूनच. सांगलीच्या माणसाला हे समजायला युंग लागत नाही म्हणा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं, तिथे सोंग म्हणजे काय हे सांगावं लागू नये. सोंग घेतलं जातं, वठतं, आणि कधी कधी अंगाला चिकटतं. दहावीला ९३ टक्के मिळवणारा हुशार मुलगा हेही एक सोंगच. ते दोन वर्षं छान वठलं, आता क्लासमध्ये तीनशे मुलं तसलीच निघाली. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, मार्कांचंही येत नाही. मग माणूस खोलीत जाऊन बसतो.

आता त्याचं ते दुसरं वाक्य. ‘त्यातली माणसं मला समजून घेतात.’ हे बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण खेळात नेमकं उलट घडतं. या गेमचा नायक जवळपास बोलतच नाही. आईवडील लहानपणी गेलेले, दहा वर्षांनी त्याच गावात परतून हॉस्टेलवर राहणारा अकरावीच्या वयाचा मुलगा, आणि त्याचं काम काय, तर दुसऱ्यांचं ऐकणं. त्याला कुणी ‘तुझं कसं चाललंय’ असं फारसं विचारत नाही. म्हणजे तुमचा मुलगा तिथे रोज रात्री ऐकून घेणारा असतो. ऐकता ऐकता एखाद्याच्या दुखण्यात त्याला स्वतःचं दुखणं सापडलंय, आणि त्यालाच तो समजून घेणं म्हणतोय. ते दुखणं कुणाचं, हे तुम्हाला शोधायचं आहे. पिस्तुलाकडे बघत राहिलात तर ते दिसणार नाही.

त्यासाठी खेळाची रोजची घडी माहीत हवी. पडद्यावर तारीख असते, शेजारी चंद्राची कला. एप्रिलमध्ये सुरुवात होते आणि पुढच्या जानेवारीपर्यंत एकेक दिवस जगावा लागतो. सकाळी शाळा, वर्गात सर मध्येच प्रश्न विचारतात. शाळा सुटली की एक मोकळा वेळ, संध्याकाळी दुसरा. त्या वेळेत अभ्यास करायचा, कुणाला भेटायचं, का रात्री राक्षसांशी लढायला बुरुजावर चढायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. सगळं करायला वेळ पुरत नाहीच. नायकाचे तीन गुण मोजले जातात: अभ्यास, छाप आणि धाडस. टेबलाशी बसून वाचलं की अभ्यासाची पट्टी सरकते, पडद्यावर दिसते, सूर वाजतो. परीक्षाही असते, तिचा निकालही लागतो.

इथे मुलगा का अडकतो ते कळेल. नीटच्या अभ्यासात तीन तास बसलं तरी पट्टी सरकताना दिसत नाही. उलट पुढच्या रविवारच्या टेस्टमध्ये रँक आणखी खाली. गेममध्ये बसलं की वाढ ठरलेली. कष्ट दिसणं, ही त्याची भूक आहे, आणि ती अगदी रास्त आहे. ती भागवायची दुसरी सोय घरात करता येते. भिंतीवर कागद लावा. मार्कांचा नको, झालेल्या कामाचा. ‘आज ४० प्रश्न सोडवले, ११ चुकले, त्यातले ७ गडबडीने.’ आकडे त्याने लिहायचे, तुम्ही वाचायचे सुद्धा नाहीत. ‘अकराच चुकले का, वा!’ असं म्हणायचा मोह होईल. आवरा.

भेटीगाठींच्या धाग्यांना खेळात सोशल लिंक म्हणतात. प्रत्येक धाग्याला टॅरोचा (भविष्य सांगायला वापरतात तो) एक पत्ता आणि दहा पायऱ्या. दोन-चार माणसं सांगते, म्हणजे मुलाने नाव घेतलं तर तुम्ही अगदीच कोऱ्या राहणार नाही. केइसुके हिरागा: घरच्यांना तो डॉक्टर व्हायला हवाय, जीव मात्र कलेत. (मिरजेच्या शेजारी राहून याची गोष्ट कळायला अवघड जाऊ नये.) काझुशी मियामोतो: पळणारा मुलगा, गुडघा गेलाय, पण कुणाला सांगत नाही. जुन्पेई (हा लढाईतला सोबती, त्याचा असा धागा नसतो): सगळ्यांना हसवणारा, घरी बाप पिणारा, आणि आतून नायकावर जळणारा. मित्सुरु: मोठ्या घराण्याची वारस, घराण्याची चूक निस्तरायचं ओझं डोक्यावर. फूका: वर्गातल्या मुलींनी छळलेली, व्यायामशाळेत कोंडलेली. माइको: आईवडील वेगळे व्हायला निघालेत म्हणून देवळाच्या आवारात एकटी खेळणारी छोटी मुलगी. त्याच आवारात रविवारी बाकावर बसणारा अकिनारी, बरा न होणारा आजार असलेला तरुण, एक गोष्ट लिहीत असतो. आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातले आजी-आजोबा. त्यांचा मुलगा याच शाळेत शिक्षक होता, अपघातात गेला, आणि शाळेच्या आवारातल्या एका झाडात त्यांचा जीव अडकलाय. आमच्या मते हे म्हातारं जोडपं म्हणजे अख्ख्या खेळातलं सगळ्यात चांगलं लेखन. बुरूज-बिरूज त्यापुढे काही नाही.

गेमच्या मेनूत या धाग्यांची यादी असते आणि कोण कितव्या पायरीवर आहे तेही दिसतं. ‘मला ती यादी दाखव ना,’ एवढंच म्हणा. सगळ्यात वर कोण पोचलंय बघा, आणि कुणाला अर्धवट सोडलंय तेही. हिरागा नवव्या पायरीवर आणि बाकी सगळे दोन-तीनवर असतील, तर नीटबद्दल बोलायची वेळ आली आहे. माइको वर असेल, तर घरातल्या वातावरणाकडे एकदा बघा. पण यादी म्हणजे काही रक्ततपासणीचा रिपोर्ट नव्हे. मुलं कधी कधी नुसतीच ताकद वाढते म्हणून एखाद्याकडे जातात, कारण धागा पुढे सरकला की लढाईत फायदा होतो. म्हणून पाहून अर्थ लावू नका, विचारा.

कसं विचारायचं? एका रात्री त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. वाडग्यात भडंग घ्या, हात गुंतलेले राहतात. ‘बुरूज नको, आज शाळेचा दिवस दाखव,’ म्हणा. बुरुजात नुसत्या लढाया आहेत, तुम्ही दहा मिनिटांत कंटाळाल आणि ते तोंडावर दिसेल. पहिली वीस मिनिटं काही विचारू नका. मग समोर एखादं पात्र बोलायला लागेल आणि उत्तराचे दोन-तीन पर्याय येतील. मुलगा एक निवडेल. तिथे विचारा, ‘हेच का दिलंस?’ आणि थोड्या वेळाने, ‘दुसरं दिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं?’ एका बसण्यात असे दोन प्रश्न पुष्कळ झाले. ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न विचारलात तर खुर्ची परत आणायला मिळणार नाही. ‘तुझंही असंच आहे का रे?’ हा तर त्याहून वाईट. तो आपणहून म्हणेपर्यंत पात्राचीच गोष्ट चालू द्या. पोरं स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर सांगतात, तेवढा आडोसा राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट, आणि ही आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खेळ इंग्रजीत आहे. त्याला म्हणा, ‘मला इंग्रजी भरभर वाचता येत नाही, हा काय म्हणतोय ते मराठीत सांग.’ भरभर वाचता येत असेल तरीही असंच म्हणा. आजच्या मुलांना मनातलं सांगायला ‘लो’, ‘अँक्शस’, ‘स्ट्रेस’ एवढे तीन शब्द मिळालेत, आणि ते घरात आईसमोर उच्चारायला जड जातात. घरचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. मियामोतोचं काय होतंय? धास्ती वाटतेय. जुन्पेईचं? जळफळाट, आणि त्याचीच लाज. माइको हिरमुसलीय. हिरागाची घालमेल चाललीय. वर्गात नवा आलेला मुलगा कानकोंडा झालाय. हे शब्द तुम्ही सहज टाका, तो अडखळला की पुरवा, पण दुरुस्ती केल्यासारखं नको. एकदा ‘घालमेल’ हा शब्द दुसऱ्याच्या नावावर घरात आला की महिन्याभराने तो स्वतःच्या नावावर यायला सोपा जातो. मराठी माध्यमातली मुलं याला अपवाद आहेत असं समजू नका. क्लासच्या पहिल्या वर्षात त्यांचेही शब्द आटतात.

खेळात खोटं काय आहे, तेही माहीत असू द्या. पहिलं, समोरच्याला आवडेल ते बोललं की बहुतेक वेळा नातं लवकर पुढे सरकतं. खऱ्या मैत्रीत ‘हो ला हो’ करणारा मित्र फार काळ टिकत नाही. दुसरं, मुली. या आवृत्तीत एकाच वेळी अनेकींशी प्रेमप्रकरण चालवलं तरी फारसं काही बिघडत नाही. सोळा वर्षांच्या मुलाशी यावर बोलायला बाप बरा, आणि बोलावंच: ‘हिला कळलं तर तिला काय वाटेल?’ पुरे. २००९ साली या खेळाची एक आवृत्ती आली होती, तिच्यात मुलगी नायिका घेता येत होती आणि तीच माणसं वेगळी दिसत होती. नव्या आवृत्तीत ती वगळली, हे आम्हाला पटलेलं नाही. तिसरं, नायक शेवटी सगळ्यातच पहिला येतो. अभ्यासात, धाडसात, माणसांत. मागे पडलेल्या मुलाला हे औषधासारखं लागतं, पण त्याची सवय लागली तर सकाळचा क्लास आणखी फिका वाटतो.

आता वेळेचं. ‘रोज एकच तास’ असा घड्याळाचा नियम या प्रकारच्या खेळात मोडतो, आणि मोडतो तो मुलाच्या लबाडीमुळे नाही. हवं तिथे सेव्ह करता येत नाही, बुरुजाच्या मधल्या मजल्यावर तर नाहीच, त्यामुळे दहा वाजता बंद कर म्हटलं की तासाभराचं काम वाया जातं. मग ‘पाच मिनिटं गं’, मग आवाज चढतो, मग भांडण. नियम खेळातल्या दिवसांवर करा. शाळेचा एक साधा दिवस दहा ते वीस मिनिटांत होतो. आठवड्याच्या रात्री खेळातले तीन दिवस, सेव्ह, बंद. बुरूज फक्त शनिवारी, कारण तिथे एक चढाई तासाहून जास्त जाते. कॉम्प्युटर बंद आणि दिवा बंद यांत अर्धा तास जाऊ द्या. या वयाला आठ तास झोप लागतेच. सकाळी साडेसहाला क्लास असेल तर साडेनऊला थांबणं भाग आहे, तेव्हा खेळ जेवणाच्या आधी घ्या आणि अभ्यास नंतर. क्रम उलटा केला की बहुतेक घरांत निम्मं भांडण मिटतं.

हिशेब त्याच्यासमोर मांडा. हा खेळ सरळ खेळला तर साधारण ७० तासांचा. रोज दोन तास म्हणजे पाच आठवडे. तीन दिवसांचा नियम आणि शनिवारचा बुरूज धरला तर आठवड्याला सहा-सात तास, म्हणजे अडीच महिने. त्याला म्हणा, तुला संपवायचाच आहे, फक्त सावकाश. संपणारा खेळ आहे ही याची चांगली बाजू. यात अनोळखी माणसं गप्पा मारायला येत नाहीत, रमीसारखे पैसे लावायचे नसतात, आणि रोज हजेरी लावली नाही म्हणून नुकसान होत नाही. सवय लावायला बनवलेले फोनवरचे फुकट गेम वेगळे, आणि आमच्या मते ते जास्त त्रासाचे.

ह्यांना कॉम्प्युटर विकायचा आहे. त्याआधी एक तपासणी करा. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर स्टीमच्या लायब्ररीत एकूण किती तास खेळला ते लिहिलेलं असतं, आणि तिथेच ‘अचिव्हमेंट्स’ म्हणून खेळात गाठलेल्या टप्प्यांची यादी असते, प्रत्येकापुढे तारीख. पहिली तारीख म्हणजे खेळ सुरू झाला तो सुमार. तो बाजूला लिहा. क्लासच्या टेस्टचे कागद काढा, मार्क कोणत्या आठवड्यापासून घसरले ते त्याच्या शेजारी लिहा. तुमच्या पत्रावरून वाटतं की घसरण आधी आणि गेम नंतर. तसं निघालं तर कॉम्प्युटर विकून तुम्ही कारण नाही, आडोसा विकाल. मुलगा तेच दोन तास फोनवर घालवेल, तेही पांघरुणात. गेम आधी आणि घसरण नंतर निघाली, तरी नियम करा, विकू नका. क्लासची टेस्ट सिरीजही बहुधा त्याच कॉम्प्युटरवर आहे. ही तपासणी मुलाच्या पाठीमागे करू नका, त्याच्याकडूनच करवून घ्या. स्टीममध्ये कुटुंबाचं खातं करून खेळायच्या वेळेवर मर्यादा घालता येते, पण ते शेवटचं हत्यार. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कुलूप दिसलं की तो किल्ली शोधण्यात हुशारी खर्च करतो.

व्यसन कधी म्हणायचं, तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणं किंवा वाढणं, आणि हे साधारण बारा महिने, रोजचं जगणं बिघडेल इतकं. रोज दोन तास खेळून सकाळी क्लासला जाणारा मुलगा यात बसत नाही. आम्हाला चिंता वाटते ती तासांची नाही, दिवाळीपासूनच्या गप्पपणाची. जेवण कमी झालंय का? मित्र सुटलेत का? आधी आवडायचं ते, क्रिकेट, गणपतीतलं ढोलपथक, जे काही असेल ते, नकोसं झालंय का? हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर गेमचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. समुपदेशक म्हटलं की मुलं बिचकतात, ‘झोप नीट येत नाही म्हणून जाऊ’ एवढं पुरतं.

पुढचा गेम कोणता घेऊ, असं तो विचारेलच. चित्रावरून ठरवू नका. ‘ओमोरी’ नावाचा २०२० चा एक खेळ दिसायला चित्रकलेच्या वहीसारखा गोड आहे, पण आत जे आहे ते पिस्तुलाच्या त्या दृश्यापेक्षा कितीतरी जास्त बोचणारं आहे. सुरुवातीलाच नैराश्य आणि आत्महत्येबद्दल इशारा देतात, तो खरा माना आणि सध्या टाळा. ‘पर्सोना ५’ च्या पहिल्याच भागात विद्यार्थ्यांना छळणारा शिक्षक आणि एका मुलीचा जीव द्यायचा प्रयत्न आहे. विषय चांगला हाताळलाय, पण आत्ता नको. ‘पर्सोना ४ गोल्डन’ चालेल. ते लहान गावातलं आहे. घरचं जुनं विश्रामगृह पुढे चालवायचं म्हणून कोंडलेली मुलगी, शिवणकामाची आवड लपवणारा दांडगट मुलगा, आणि बापाच्या मोठ्या दुकानामुळे गावातल्या छोट्या दुकानदारांचे टोमणे खाणारा मुलगा. तिथे प्रत्येकाची छाया समोर उभी राहून त्याचं लपवलेलं बोलून दाखवते. ‘तू मी नाहीस’ म्हटलं की ती चवताळते, ‘हो, हेही माझंच’ म्हटलं की शांत होते. शेवटी शेवटी लेखक काही पात्रांच्या बाबतीत कच खातात, तो भाग वेगळा. हलकं हवं असेल तर ‘अंडरटेल’, त्यात एकालाही न मारता खेळ पूर्ण करता येतो.

(तुम्हाला म्हणून एक सांगते. १९९४ च्या ‘अर्थबाउंड’ नावाच्या जुन्या जपानी खेळात नायक मुलाला घरची आठवण येऊन लढताना हातपाय गळतात. त्यावर गोळी-औषध नसतं, आईला फोन लावावा लागतो. आणि बराच वेळ खेळलं की वडिलांचा फोन येतो, जरा थांब म्हणून. ओरडत नाहीत.)

ज्यांना हा खेळ स्वतः खेळायचा आहे त्यांनी इथे थांबावं. ताई, तुम्ही वाचा, पण मुलाला सांगू नका. जानेवारी संपला की पडद्यावरची तारीख एकदम मार्चमध्ये जाते. ५ मार्चला, शाळेच्या गच्चीवर, मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून नायक डोळे मिटतो. सगळ्यांना वाचवण्यासाठी त्याने स्वतःचा जीव दिलेला असतो, आणि लढाईतले त्याचे सोबती त्याच्याकडे धावत येत असतात. खेळणारी मुलं यावर रडतात, तुमचाही रडेल. म्हणून मधूनमधून ‘तुझ्यात आता कोणता महिना चालू आहे?’ असं विचारत राहा. जानेवारी म्हणाला की त्या आठवड्यात टेस्ट नाही ना ते बघा, आणि शेवट शनिवारी येईल असं जमवा. त्या रात्री दिवा बंद करायची घाई नको. तो खोलीतून बाहेर आला की चहा टाका, आणि त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली तर पहिल्यापासून, मराठीत, सांगू द्या.